चार पायांपैकी दोन

बावीस एप्रिल दोन हजार सदतीस रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बोरीकाठ अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सभागृह कोसळले. खरे सभागृह जागेवरच होते. आत दुसऱ्या वर्षाची मुले निरोप समारंभाची तालीम करत होती, आणि छपराखालच्या पारव्यांनीही काही विशेष हालचाल केल्याची नोंद नाही. कोसळला तो सभागृहाचा जुळा. परंतु जुळा कोसळल्यावर खऱ्याने उभे राहणे हा नव्या कायद्यानुसार बेजबाबदारपणा असल्यामुळे मुलांना बाहेर काढले, दारांना सील लावले आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या तिघांनी श्रद्धांजली वाहूनही टाकली.

जुळा म्हणजे यंत्रातली इमारत. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीचा एकेक जुळा नगरपालिकेच्या संगणकात नांदत असे. मूळ कागदपत्रांवरून तो जन्माला येई, खऱ्या इमारतीला चिकटवलेल्या सेन्सरांवर वाढे, आणि येत्या महिन्याचे ऊन-वारे त्याच्यावर आधीच सोडून तो तगतो का ते पाहिले जाई. सभागृहाचा जुळा मे महिन्याच्या एकोणिसाव्या दिवसापर्यंत कसाबसा पोचला आणि सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात मधोमध तडकला. म्हणून खरे सभागृह अठरा मेच्या आत पाडायचे ठरले.

हे कळवायला नगरपालिकेची अभियंता रुबीना बागवान प्राध्यापक चंद्रशेखर बिराजदारांच्या घरी आली. बिराजदारांचे वय शहात्तर. पन्नास वर्षांपूर्वी हे छप्पर त्यांनीच गणिताने उभे केले होते. त्यावरच्या प्रबंधाला सुवर्णपदक मिळाले होते आणि कॉलेजातल्या संगणकीय प्रयोगशाळेवर त्यांच्या नावाची पाटी होती. रुबीना त्यांची विद्यार्थिनी. ती अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसे, मागे टेकत नसे.

"सर, फक्त सही हवीय. मूळ संकल्पकाला कळवलं, एवढंच."

"कळवायला आलीस की विचारायला?"

"कळवायला. विचारायचा रकाना नाही."

"सेन्सर काय म्हणतात?"

"सेन्सर म्हणतात, छप्पर मजेत आहे."

"मग?"

"मग जुळ्यानं सेन्सर बाद केले. बारापैकी बारा. उपकरणं सदोष म्हणून."

"बाराच्या बारा सदोष?"

"एखादा असता तर कुणाला तरी शंका आली असती, सर. बारा म्हटल्यावर सिस्टीम म्हणते, एकाच कंपनीचे असणार." रुबीनाने टॅब्लेट पुढे केला. "मी रात्रंदिवस डोकं लावलं. काँक्रीटचं वय बदलून पाहिलं, सळयांचा गंज बदलून पाहिला. एकाच गोष्टीला मला हात लावता येत नाही. आधार. छप्पर कुठं आणि कसं टेकलंय, ते प्रमाणित कागदावरूनच घ्यायचं. तुमच्या प्रबंधात चारही पाय पक्के आहेत."

बिराजदारांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यामुळे काही फरक पडला नाही.

"आणि प्रबंध चुकलेला असेल तर?"

रुबीना हसली. सरांनी वर्गात क्वचित केलेल्या विनोदांना मुले जशी जपून हसत, तशी. "मग नमुना सतरा-क. संकल्पकाचे चूकपत्र."

"आजवर राज्यात किती भरले गेले?"

"एकही नाही."

"म्हणजे राज्यात कुणीच चुकलं नाही."

"नमुन्यावरून तरी तसंच दिसतं, सर."

बिराजदार म्हणाले, नमुना ठेवून जा. सही त्यांनी केली नाही.

*

या छपराची हकीकत सांगायची तर गणिताच्या वाटेनेच जावे लागते. पण वाट लांबची नाही.

छप्पर घोड्याच्या खोगिरासारखे. बत्तीस मीटर लांब, तेवढेच रुंद, जाडी जेमतेम अर्धी वीत. असले छप्पर उन्हापावसात कसे वाकेल हे सांगणारे समीकरण शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी मांडून ठेवले आहे. अडचण अशी की ते समीकरण छपराच्या प्रत्येक बिंदूबद्दल बोलते, आणि बिंदू असतात अनंत. प्रत्येक बिंदूचे वाकणे शेजारच्या बिंदूवर अवलंबून, शेजारच्याचे त्याच्या शेजारच्यावर. सपाट चौकोनी लादी असेल तर उत्तर एका ओळीत मिळते. खोगिराला अशी ओळ नाही.

मग करायचे काय, तर छपराचे त्रिकोणी तुकडे कल्पायचे. या तुकड्यांच्या जाळीलाच त्या पद्धतीत सगळा मान. एका त्रिकोणाच्या पोटात काय चालले आहे याची फार चौकशी करायची नाही. ते साधेसुधेच असणार असे धरून चालायचे आणि फक्त तीन कोपऱ्यांना विचारायचे, बाबांनो, तुम्ही किती हललात? समीकरण प्रत्येक बिंदूला तंतोतंत पटलेच पाहिजे हा हट्टही सोडायचा. छप्पर मनातल्या मनात कुठेही किंचित हलवून पाहावे, आणि बाहेरून केलेले काम आत साठलेल्या कामाइतके भरावे, एवढेच मागायचे. बिंदूबिंदूचा हिशेब सोडून साऱ्या छपराचा मेळ बसवायचा. अनंत प्रश्नांचे असे मोजके प्रश्न होतात. या छपराचे दोनशे एकोणनव्वद कोपरे झाले. त्या सगळ्यांची उत्तरे एका प्रचंड तक्त्यात एकमेकांत गुंतलेली. तो तक्ता संगणकाने सोडवायचा. त्रिकोण जितके बारीक, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ.

मात्र एवढे सगळे होऊनही तक्ता सुटत नाही. कारण गणिताच्या दृष्टीने छप्पर अजून हवेतच तरंगत असते, आणि तरंगत्या वस्तूला हवी तितकी उत्तरे असतात. ते कुठे टेकले आहे, तिथे घट्ट धरले आहे की नुसते ठेवले आहे, हे माणसाने सांगावे लागते. याला बाउंडरी कंडिशन म्हणतात. समीकरण निसर्गाचे, त्रिकोण गणिताचे, पण ही एक गोष्ट सांगणाऱ्याच्या इमानावर. बिराजदारांनी पस्तीस वर्षे वर्गात हेच शिकवले. "बाउंडरी कंडिशन चुकली की पुढचं मी तपासणार नाही. शून्य." आणि ते तपासत नसत. पाच जिल्ह्यांत या शून्यांची कीर्ती होती.

*

एकोणीसशे पंच्याऐंशीत ही जाळी दोघांनी मिळून काढली होती. बिराजदार नवे अधिव्याख्याते. इंदुमती शेंडगे त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याच विभागात. कॉलेजात संगणक नव्हता. उत्तरेच्या खिडकीपाशी ड्रॉइंगच्या लांब टेबलावर आलेखाचे कागद जोडून जोडून पसरलेले, आणि त्यावर शेंडगे बाई टाचणीएवढ्या अक्षरात कोपऱ्यांना नंबर देत असत.

नंबर देणे ही हमाली आहे असे बिराजदारांना सुरुवातीला वाटले होते. पण मुंबईच्या संगणकाची स्मरणशक्ती आजच्या विजेच्या शेगडीपेक्षाही कमी. शेजारी-शेजारी असलेल्या कोपऱ्यांचे नंबर जवळजवळचे नसले तर तक्ता त्याच्या डोक्यात मावतच नसे. बाई म्हणत, "सर, ही पंगत आहे. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याला त्याच्या शेजारी बसवायचं. नाहीतर सगळे ओरडून बोलतात." त्यांनी सहा वेळा पंगत उठवून नव्याने बसवली आणि तक्ता निम्म्यावर आणला.

मग पंच कार्डे, म्हणजे संगणकाला आकडे सांगणारे भोके पाडलेले पुठ्ठे. चपलांच्या अकरा खोक्यांत भरून ती एसटीने मुंबईला न्यायची. कुर्डुवाडी स्टँडवर एक खोके बिराजदारांच्या हातून सुटले आणि तीनशे कार्डे फलाटभर पसरली. बिराजदार मटकन खाली बसले. बाईंनी मात्र आधीच प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर लाल स्केचपेनने तिरकी रेघ मारून ठेवली होती. रेघ जुळेपर्यंत कार्डे लावायची, की क्रम लागला. गाडी सुटायला बारा मिनिटे होती. दोघे गुडघ्यावर बसून कार्डे जुळवत होते आणि कंडक्टर वरून म्हणत होता, "पत्त्यांचा डाव गाडीत मांडा की, साहेब." विभागात लोक दोघांबद्दल काहीबाही बोलत. लोकांना जाळी दिसत नव्हती, किंवा तीच दिसत होती.

सगळे छान चालले होते, फक्त पायांवरून वाजले. बिराजदारांनी चारही पाय पक्के धरले होते.

"सर, हे बोरीकाठ आहे," बाई म्हणाल्या होत्या. "मेमध्ये छप्पर वाढणार. चारही पाय धरून ठेवले तर ते जाणार कुठं? दोन पक्के, दोन सरकते करा. कडेच्या तुळया ताण घेतायत, पायांनी धरायची गरजच नाही."

"आता बदललं तर पुन्हा मुंबई. तोंडी परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. आणि उन्हाचा परिणाम नगण्य आहे."

"तुम्ही सावलीत बसता म्हणून."

बिराजदारांनी ते हसण्यावारी नेले. प्रबंध छापला. बाई बांधकामावर देखरेखीला होत्या. चौदा मे शहाऐंशी रोजी, छपराखालच्या आधाराच्या फळ्या काढायच्या दिवशी, त्यांनी बिराजदारांना दोन पायांपाशी नेले. गावातल्या तांबटाकडून त्यांनी काशाच्या प्लेटा ओतून घेतल्या होत्या. खाली पोलादाची, वर काशाची, मध्ये ग्रॅफाइट. दोन पाय सरकते झाले होते. फळ्या निघाल्या आणि छप्पर हूं की चूं न करता उभे राहिले.

"रिपोर्टात घालायचं ना?" बाईंनी विचारले.

"तोंडी परीक्षा होऊ दे," बिराजदार म्हणाले.

परीक्षा झाली. मग पदक जाहीर झाले. पदकाच्या समारंभात असले सांगणे बरे दिसले नसते. पुढच्या वर्षी गवंड्यांनी प्लेटांवरून सुबक प्लास्टर केले, आणि बाई कॉलेज सोडून मुलींच्या शाळेत गणित शिकवायला गेल्या.

*

अठ्ठावीस एप्रिलला बिराजदार तांबट आळीतल्या एका घराचे दोन जिने चढले. इंदुमती शेंडगे गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"या. सहा दिवस लागले. पन्नास वर्षांच्या मानानं लवकर आलात."

"बाई, प्लेटा अजून असतील का?"

"कुठं जातील? वर तीनशे टनांचं छप्पर ठेवलंय." त्यांनी कोपऱ्यातली काठी त्यांच्या हातात दिली. "उभेच आहात तर कावळे हाकला."

सुवर्णपदकविजेते बिराजदार काठी घेऊन उभे राहिले. एक कावळा कठड्यावर येऊन त्यांच्याकडे पाहू लागला. तो त्यांना घाबरला नाही.

"माझी भाची होती तुमच्या वर्गात," बाई म्हणाल्या. "बाउंडरी कंडिशन चुकली म्हणून शून्य दिलंत. रडत घरी आली. मी म्हटलं, रडू नको गं, सरांचा त्या विषयातला अनुभव फार दांडगा आहे."

"सांगायचं होतं मला. तोंडी परीक्षा झाल्यावर सांगणारच होतो."

"माहितीय. मी वाट बघितली. पहिली दोन वर्षं. मग शाळेत वेळापत्रक भरगच्च होतं."

बिराजदारांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कावळ्याने तेवढ्यात एक कुरडई नेली.

"एवढंसं काम सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

बिराजदारांनी खिशातून नमुना सतरा-क काढला. चूक कोणती, हा रकाना भरलेला होता. दुरुस्त माहिती कोणी दिली, हा मोकळा होता. "इथं तुमचं नाव लिहू का?"

"विचारताय?"

"हो."

"लिहा." बाईंनी हात पुसून कागद घेतला आणि चष्म्याखालून वाचला. एका जागी त्या थबकल्या. चूक कशामुळे झाली, असा प्रश्न होता आणि समोर चार पर्याय: गणिती, टंकलेखन, माहितीचा अभाव, इतर. माहितीचा अभाव या चौकटीत पेन्सिलीने अगदी फिकट खूण होती.

"हे काय?"

"अजून पक्कं नाही. पेन्सिल आहे." बिराजदार काठीकडे पाहत म्हणाले. "रुबीना म्हणते, अभाव लिहिलं तर प्रामाणिक चूक धरतात. छप्पर वाचतं आणि बाकीचंही राहतं. माहीत असून लपवलं म्हटलं तर विद्यापीठाकडे जातं. पदक, पदवी..."

"अभाव होता का?"

"नाही."

बाईंनी कागद घडी करून परत दिला. "चौकट कोणतीही भरा, सही मी करीन. छप्पर माझं आहे, ते मी पडू देणार नाही. चौकटीत काय लिहायचं ते तुमचं. त्यात मला ओढू नका." मग जरा थांबून म्हणाल्या, "ऊन वाढलंय. सावलीत बसा. तुम्हाला सवय आहे."

*

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. त्या सभागृहाचा जुळा सुदैवाने ठणठणीत होता. समितीचे पाच जण, कोपऱ्यात रुबीना, भिंतीला टेकून बिराजदारांचे पंधरा-वीस जुने विद्यार्थी. कुणी ठेकेदार, कुणी प्राचार्य, दोघे नगरसेवक. सर छपरासाठी लढायला आले आहेत अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते टाळ्या वाजवायच्या तयारीने आले होते. शेंडगे बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या.

लिपिकाने पटापट रकाने वाचले. "चूक कोणती, दोन पाय सरकते असताना पक्के दाखवले. दुरुस्त माहिती कोणी दिली, श्रीमती इंदुमती शेंडगे. चूक केव्हा लक्षात आली?"

"चौदा मे एकोणीसशे शहाऐंशी."

लिपिकाने तारीख घातली. यंत्राने लाल पट्टी दाखवली. "सर, ही तारीख घेत नाही. हा नमुनाच दोन हजार बत्तीसचा आहे. चूक त्याच्यानंतर लक्षात यायला हवी."

"मग यंत्राला थोडं मागे जायला सांगा."

रुबीनाने उठून काहीतरी दाबले. पट्टी गेली.

"कारण?" लिपिकाने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "माहितीचा अभाव करतो, सर. सगळ्यांना सोयीचं."

भिंतीकडचे प्राचार्य जोरात मान हलवत होते. बिराजदारांना वाटले, किती सोपे आहे. पेन्सिलीची खूण आपोआप शाईची होईल. पाटी राहील. टेबलाच्या खणातले मखमलीच्या डबीतले पदक राहील. छप्परही राहील, आणि कुणाचे काहीच जाणार नाही. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. बाई काय करत आहेत हे पाहायचा मोह त्यांनी आवरला, कारण तसे पाहून दिलेले उत्तर पुन्हा बाईंचेच झाले असते.

"इतर," ते म्हणाले.

"इतरला पन्नास अक्षरांची मर्यादा आहे."

"घे लिहून. माहीत होते. बाईंनी सांगितले होते. गप्प बसलो."

लिपिकाने टंकले आणि पडद्याकडे पाहिले. "बसलं. सहा उरली. आणखी काही घालायचंय?"

"नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. एका नगरसेवकाला फोन आला आणि तो बाहेर गेला. मागच्या रांगेतून चष्म्याची डबी बंद झाल्याचा टक असा आवाज तेवढा ऐकू आला.

त्यानंतर आठवडाभरात विद्यापीठाचे पत्र आले. ते अतिशय सभ्य होते आणि पदक रजिस्टर पोस्टाने पाठवण्याचा पत्ता त्यात दोनदा दिला होता. कॉलेजने प्रयोगशाळेची पाटी रंगाच्या कामासाठी उतरवली. अकरा माजी विद्यार्थ्यांनी आपले शून्य फेरतपासणीसाठी पाठवले. बिराजदारांनी त्यांपैकी एकालाही उत्तर दिले नाही, पण सगळे पेपर नीट वाचले. चौघांचे पुढचे गणित अप्रतिम होते.

*

कायद्यानुसार चूकपत्रानंतर प्रत्यक्ष पाहणी. सोळा मेच्या सकाळी सात वाजता दक्षिणेकडच्या दोन पायांवरचे प्लास्टर फोडले. रुबीना, दोन गवंडी, बिराजदार आणि शेंडगे बाई. सात वाजताही हवा तापायला लागली होती.

गवंड्याने छिन्नी बाजूला ठेवून फुंकर मारली. धूळ उडाली आणि आत पिवळी कड दिसली. बाईंनी वाकून तिच्यावरून बोट फिरवले. प्लेटेचा जो भाग बाहेर डोकावत होता तो आरशासारखा झाला होता. पन्नास उन्हाळे आणि पन्नास हिवाळे, रोज सकाळ-दुपार, छप्पर त्याच्यावरून ये-जा करत राहिले होते. कुणाला न सांगता, कुणाच्या परवानगीशिवाय.

"तांबट म्हणाला होता, बाई, एवढं जाड कासं कशाला? पायाला तूप चोळायला वाटी पुरते," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, पाय मोठा आहे."

बिराजदार हसले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, मग फुटला. खूप वर्षांत ते असे हसले नव्हते. रुबीनाने तर त्यांना हसताना प्रथमच पाहिले आणि ती चुकून भिंतीला टेकली.

तिने टॅब्लेटवर दोन पायांच्या अटी बदलल्या. जुळा पुन्हा तक्ता सोडवायला बसला. अकरा खोक्यांचे काम त्याने चहाचा घोट घेण्याइतक्या वेळात केले. एकोणीस मेचे ऊन त्याच्यावरून गेले, एकतीस मेचे गेले, आणि तो उभाच राहिला. पालिकेच्या कचेरीत लोकांनी पेढे वाटले; जुळ्याच्या फोटोला हारही घातला म्हणे. खऱ्या छपराकडे कुणी फिरकले नाही.

"जुळा म्हणतो, आज दुपारी तीनला हा पाय पाच मिलिमीटर सरकलेला असेल," रुबीना म्हणाली. "तेवढं मोजून लिहिलं की सील काढता येईल. सर, वाचता?"

"बाईंना वाचू दे. मी छत्री धरतो."

पायाशी मोजणीचे घड्याळ लावून ठेवले होते. त्याचा काटा सकाळी लावताना शून्यावर होता. दुपारी तीनच्या जरा आधी बाई स्टुलावर बसल्या आणि डोळे त्या काट्याच्या पातळीवर आणले. बिराजदार त्यांच्यामागे काळी छत्री धरून उभे राहिले. छत्रीची सावली बाईंवर होती; त्यांच्या स्वतःच्या टकलावर ऊन होते. तीनशे टनांचे छप्पर वर नुसतेच तापत होते. मग कुठूनतरी, दगडाखाली पाणी वाहावे तसा, अगदी बारीक आवाज आला.

"मॅडम, तीन वाजले," रुबीनाने पेन उघडले. "किती लिहू?"

बाईंनी काट्यावरची नजर हलवली नाही.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून सरकतंय."